वन्संचा तेरवा

वन्संचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तेवढे दिवस आमच्या घरी भाकरी मी थापायचे आणि वन्सं शेजारी बसून नावं ठेवायच्या. कड जाडच राहिली, पाणी जास्त झालं, ही भाकरी हाय का गवरी. मी परात त्यांच्याकडं सरकवायचे, म्हणायचे, घ्या, थापा तुमी. मग त्या प्लास्टरचा हात वर करून दाखवायच्या आणि हसायच्या. पण ते हसू वरवरचं होतं, हे मला ठाऊक होतं. त्या दिवसांत त्यांच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. त्यांना खोटं ठरवलं होतं, तेही कागदावर.

वन्सं म्हणजे माझ्या मालकांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आल्या त्या आमच्यातच राहिल्या, त्याला आता खूप वर्षं झाली. नणंद-भावजय म्हणून आम्ही भांडलो नाही असं नाही. मिठावरून भांडलो, टीव्हीवरून भांडलो, एकदा तर कोथिंबिरीच्या काड्या टाकायच्या की वाटायच्या यावरून दोन दिवस अबोला होता. पण त्या कामाला निघाल्या की मी दारात उभी राहायची ती राहायचीच.

काम म्हणजे हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीच्या सातव्या मजल्यावरच्या प्यांट्रीत. कंपनी वेगळी, आणि यांना पगार देणारा ठेकेदार वेगळा. मारुंजीत आमच्या चार खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत, घरात कमी नाही. मालक म्हणायचे, कशाला जातीस, बस घरी. वन्सं म्हणायच्या, भावाच्या खोल्यांवर मी का बसून खाऊ, मला हातपाय हायेत. निळा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र, केसाला जाळी. सकाळी त्या गल्लीतून निघाल्या की आमचे भाडेकरू पोरं-पोरी, ती कॉम्प्युटरवाली, ती पण "गुड मॉर्निंग आत्या" म्हणायची. त्यांच्या मजल्यावरच्या साहेबलोकांपैकी कोणाला बिनसाखरेचा, कोणाला आल्याचा, कोण दूध वेगळं मागतो, सगळं त्यांच्या डोक्यात. हे त्या मला रात्री जेवताना सांगायच्या. त्यातला एक साहेब रोज चहा सांगून तो थंड करून ठेवायचा, त्याच्यावर त्यांचा भारी राग.

तर त्या मंगळवारी पडल्या. पाणी प्यायच्या मशिनीतून पाणी गळत होतं, हे त्यांनी आठवडाभर आधीपासून सांगितलं होतं. कपांचा ट्रे घेऊन येताना पाय सरकला. एका हातावर ट्रे धरून ठेवला आणि दुसरा हात टेकवला. कप एकही फुटला नाही. हे त्यांनी घरी आल्या आल्या आधी सांगितलं, मग हात दाखवला. मी म्हटलं, "कप वाचवलं आन हात मोडून आला व्हय?"

"मोडला न्हाई वो, लचकलाय. आंबेहळद लावा."

त्यांच्या सुपरवायझरनं, म्हणजे मजल्यावरची माणसं सांभाळणाऱ्या पोरानं, तेच सांगितलं होतं. आत्या, तेल लावा, दोन दिवसांत बरं वाटेल. नोंद वगैरे काही केली नाही. मीही आंबेहळद उगाळली, गरम केली, लावली, फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी त्या कामावर. तिसऱ्या दिवशी कामावर. डाव्या हातानं कप विसळत होत्या म्हणे. शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तर ब्लाउजची बटणं लावता येईनात म्हणून बाई खाटेवर बसून डोळ्यांतून पाणी काढतेय. मी बटणं लावली आणि रिक्षा बोलावली.

आमच्या रस्त्याला, मोबाइलच्या दुकानाशेजारी, एक हाडांचा डॉक्टर आहे. तरुण माणूस, पुण्यात वाढलेला, बोलायला गोड आणि हात हलका. बाहेर ही गर्दी. आत गेल्यावर त्यानं हात घेतला, फिरवून बघितला, वन्सं कण्हल्या. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "मावशी, कधी पडलात?"

"तेरवा पडले. तितं पानी सांडलं हुतं."

त्यानं लिहिलं. मग एक्स-रे. मग त्यानं तो काळा फोटो उजेडाला धरून आम्हाला दाखवला, मनगटाच्या हाडाला बारीक रेघ गेलेली. प्लास्टर घातलं. घरी येताना वन्सं म्हणाल्या, हाड मोडलेलं घेऊन मी दोन दिवस कप धुतले की वो वैनी. मला रिक्षातच रडायला आलं, आणि त्यांनी उलट मलाच दटावलं.

पुढचं सुचवलं ते त्यांच्या कामावरच्या बायकांनी. त्या रविवारी मोसंबी घेऊन बघायला आल्या. म्हणाल्या, आत्या, दर महिन्याला आपल्या पगारातनं विम्याचं कापतात, ते कशासाठी? कामावर पडलात ना, मग तसा दावा करा. उपचार तेच बघतील, घरी बसल्याचा पगार पण काहीतरी मिळेल. वन्संना आधी ते नकोच होतं. पण प्लास्टर काढल्यावरही बरेच दिवस व्यायाम करावा लागेल, असं डॉक्टर म्हणाला होता, आणि तोवर ट्रे उचलायचा नाही. तेव्हा त्यांनी डॉक्टरचा केसपेपर, एक्स-रे, सगळं पिशवीत घातलं आणि ठेकेदाराच्या ऑफिसात देऊन आल्या.

काही दिवसांनी बोलावणं आलं. मी बरोबर गेले. काचेचं दार, आत इतकं गार की मी पदर अंगाभोवती घेतला. ठेकेदाराच्या माणसानं, त्याला सगळे एचआर म्हणत होते, आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. बोलणं अगदी मऊ. म्हणाला, मावशी, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे, पण तुमच्याच डॉक्टरनं लिहिलंय की तुम्ही तेरा दिवसांपूर्वी पडलात. बोटानं ओळ दाखवली. इंग्रजी होतं, पण आकडा काही इंग्रजी-मराठी नसतो, तेरा तर मलाही वाचता आलं. मग त्यानं हजेरी काढली. त्या शुक्रवारच्या आधी तेरा दिवस म्हणजे शनिवार. त्या शनिवारी वन्सं रजेवर.

रजा घेतली होती, ती खरीच. मुठ्याला आमची मावससासू आहे, तिच्या गावची जत्रा होती. वन्सं गेल्या होत्या, पाळण्यात पण बसल्या होत्या, आणि येताना मजल्यावरच्या सगळ्यांना रेवड्या आणल्या होत्या. म्हणजे जत्रेला गेल्याचं साऱ्या मजल्याला ठाऊक, रेवड्या त्या एचआरपर्यंत पण पोचल्या असणार.

तो म्हणाला, "जत्रेत गर्दी असते. पडला असाल. त्यात काही नाही. पण ते कामावर झालं असं सांगणं म्हणजे खोटी माहिती देणं, मावशी. मग नोकरीचं पण बघावं लागतं."

वन्संनी कागदाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. एरवी शब्दाला शब्द देणारी बाई. उठल्या आणि बाहेर आल्या.

गावात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो. आठवड्यात मला किराण्याच्या दुकानात एकीनं विचारलं, तुमच्या वन्सं पाळण्यातनं पडल्या व्हय? या वयात पाळण्यात बसायचं कशाला? मी तिला जे बोलायचं ते बोलले, ते इथं लिहीत नाही. घरी आले तर वन्सं अंगणात डाव्या हातानं तांदूळ निवडत बसलेल्या. त्यांच्या कानावर आलंच होतं. म्हणाल्या, "पैशाचं जाऊ द्या वैनी. मी कामावर पडले. मी पडले तितंच पडले म्हनत्यात का न्हाई, एवढंच बघायचंय मला."

तेव्हापासून माझ्याही डोक्यात ते तेरा फिरायला लागलं. डॉक्टर काही खोटं लिहिणारा नव्हता. त्याला ठेकेदाराशी काय देणंघेणं? आणि वन्संनी तेरा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, मी तर शेजारीच बसलेली. दोघंही खरी आणि कागद खोटा, हे व्हावं कसं?

ते सुटलं दह्यावरून. एक दिवस जेवायला बसलो होतो. वन्संनी दह्याचा वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि विचारलं, कवाचं हाय हे. मी म्हटलं, "तेरवा इरजलंय की."

आणि माझा डाव भांड्यातच राहिला.

आता आमच्याकडं कसं, काल, परवा, तेरवा. परवाच्या आदला दिवस तो तेरवा, आणि पुढचं बोलायचं तर परवाच्या नंतरचाही तेरवाच. आई म्हणायची, सासू म्हणायची, आम्ही जन्मभर तेच म्हणत आलो. त्यात काही वेगळं आहे, हे कधी मनातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "वन्सं, डाक्टरनं इचारलं तवा तुमी काय म्हनला हुता?"

"तेरवा पडले म्हनले. मंगळवारी पडले, शुक्करवारी गेलो. तेरवाच की."

"तेरवा," मी म्हटलं. "तेरावा. तेरा."

त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे जित्तेपनी माझा तेरावा घातला म्हना की डाक्टरनं."

मग आम्ही दोघी अशा हसलो, की वरच्या खोलीतली भाडेकरू पोर जिना उतरून बघायला आली, काय झालं म्हणून. किती दिवसांनी वन्सं पोटातून हसल्या. आणि हसता हसताच उठल्या, म्हणाल्या, चला.

दवाखान्यात नेहमीसारखी गर्दी. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरला वाटलं हात दाखवायला आलोत. वन्संनी आधी विचारलं, "डाक्टर, तेरवा म्हंजे काय वो?"

तो म्हणाला, तेरा दिवसांपूर्वी ना? वन्संनी डाव्या हाताची बोटं त्याच्यापुढं धरली. एकेक मिटत म्हणाल्या, काल, परवा, तेरवा. तीन बोटं मिटली. त्यानं ती तीन बोटं बघितली, मग आपला केसपेपर बघितला, आणि आधी हसला. नंतर वन्संनी ठेकेदाराच्या ऑफिसातलं सगळं सांगितलं, तेव्हा त्याचं हसू गेलं. कान लाल झाले. म्हणाला, माझी आजी पण असंच काहीतरी म्हणायची, पण मी कधी नीट लक्षच दिलं नाही. मला हे तेव्हाच विचारायला हवं होतं. हे एवढं सरळ म्हणणारा डॉक्टर मी तरी दुसरा बघितला नाही.

त्यानं लगेच पेन उघडलं. आकड्यातला एक खोडून टाकला, की तीन राहतात. सोपं होतं. म्हणाला, "हे आत्ता दुरुस्त करतो, मावशी, मिटलं."

वन्संनी प्लास्टरचा हात कागदावर ठेवला. सगळाच्या सगळा. "खोडू नगा."

"अहो, पण हे चुकलंय."

"चुकलंय ते ऱ्हाऊ द्या. तुमी खोडलं की ते म्हननार, बाईनं खोडाया लावलं. कागद जसा हाय तसा ऱ्हाऊ द्या. खाली नवीन लिवा, आजची तारीख घाला, आन खरं काय ते लिवा."

मला त्या क्षणी वन्संचा इतका अभिमान वाटला. माझ्या हातात पेन असतं तर मी तो एक केव्हाच खोडला असता आणि घरी येऊन भजी तळली असती. डॉक्टरनं पेन टोपणात घातलं, परत काढलं. मग तो केसपेपर वरून खाली वाचायला लागला. आपणच लिहिलेला कागद परक्यानं लिहिलाय असा वाचत होता. आणि मध्येच थांबला. म्हणाला, "मावशी, हे बघा. मी खाली काय लिहिलंय."

तिथं त्यानं त्या दिवशी डोळ्यांनी जे दिसलं ते लिहिलं होतं. मनगटाला ताजी सूज, काळानिळा डाग. त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. पण ते आम्हालाही माहीत होतं. मार लागला की आधी काळंनिळं होतं, मग हिरवट, मग पिवळं पडत जातं. तेरा दिवसांनी कुठं राहतं काळंनिळं? मग एक्स-रे काढून दाखवला. रेघेच्या कडा कशा धारदार आहेत, हाड सांधायला लागल्याची खूण अजून कुठं नाही. वरच्या ओळीत त्याचा कान चुकला होता, आणि खालच्या ओळीत त्याचे डोळे बरोबर होते. माणूस तोच, कागद तोच.

मग तो लिहायला लागला, आणि वन्सं एकेक वाक्य मराठीत सांगायला लावत होत्या. बाहेर लोक कुरकुर करत होते. कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. डॉक्टरनं लिहिलं, की रुग्णानं तेरवा हा शब्द वापरला होता, इकडच्या बोलीत त्याचा अर्थ तीन दिवसांपूर्वी असा होतो, माझ्याकडून तो तेरा समजला गेला, आणि त्या दिवशीची सूज, डाग आणि एक्स-रे तीन दिवसांच्या मारालाच जुळतात. मग पुढं लिहिताना म्हणाला, "आणि त्या दिवशीच तुम्ही ऑफिसमध्ये पडल्याचं सांगितलं होतं, असं पण लिहितो."

वन्सं थांबल्या. "मी तवा तसं बोलले न्हवते."

"म्हणजे?"

"मी म्हनले, तितं पानी सांडलं हुतं. तितं म्हनले, हापिसात न्हाई म्हनले. तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. मग लिवायचं कसं?"

मी त्यांचा पदर ओढला. इतकं खरं बोलायची काय गरज, असं मला झालं. डॉक्टर चांगला आहे, लिहितोय, लिहू दे. पण वन्सं ऐकतील तर त्या वन्सं कसल्या. शेवटी त्यानं लिहिलं, की पडण्याची जागा त्या दिवशी विचारली गेली नव्हती, आज रुग्ण ती कामाची जागा असल्याचं सांगते. सही केली, शिक्का मारला. पैसे घेतले नाहीत. दारापर्यंत आला आणि म्हणाला, मावशी, गरज लागली तर मला बोलवा, मी येऊन सांगेन. बाहेरच्या एका म्हातारबुवांनी विचारलं, एवढा वेळ काय चाललं होतं आत? वन्सं म्हणाल्या, "डाक्टर माझ्याकडनं मराठी शिकत हुते." आतून डॉक्टरचं हसू ऐकू आलं.

तो कागद आम्ही विम्याच्या कचेरीत दिला, आणि तिथं सुनावणी झाली. समोर अधिकारी म्हणून एक बाई होत्या, चष्मा साखळीला बांधलेला, बोलायला कमी. एकीकडं आम्ही दोघी, दुसरीकडं तो एचआर आणि त्याच्या मागं वन्संचा सुपरवायझर. ते पोर भोरकडचं. तिशीचं असेल. नुकतं लग्न झालेलं. त्यानं वन्संना नमस्कार केला आणि मग सारा वेळ आपल्या बुटांकडं बघत राहिलं.

एचआरचं म्हणणं सरळ होतं. डॉक्टरनं हे नंतर लिहून दिलंय, सोयीनं. शिवाय तेरवा असा काही शब्द आपण ऐकलेला नाही.

बाईंनी केसपेपर हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "सोयीनंच लिहायचं असतं, तर हा तेराचा आकडा इथं राहिला असता का?" मग खालची काळ्यानिळ्या डागाची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. एचआरला विचारलं, तेरा दिवसांनी डाग असा असतो का? तो म्हणाला, ते आम्ही कसं सांगणार. बाईंनी मान हलवली आणि त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं. "तुम्ही कुठले?"

पोरानं गावाचं नाव सांगितलं.

"तुमच्याकडं म्हणतात का तेरवा?"

एचआरनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. मग पोर बुटांकडं बघतच म्हणालं, "म्हनतात."

एवढ्यानं तारखेचं झालं. पण मंगळवारी त्या पडल्या, हे कागद सांगत होता, कुठं पडल्या ते सांगत नव्हता. बाईंनी वन्संना तेच विचारलं. पडताना कुणी बघितलं का?

मला ठाऊक होतं, वन्संनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की ते पोर तिथंच होतं. त्यांनी बोट दाखवलं असतं तर पोरानं मान हलवून नाही म्हटलं असतं, आणि मग काय? शब्दाला शब्द. पोराची पण नोकरीच होती.

वन्संनी बोट दाखवलं नाही. म्हणाल्या, "बगितलं का न्हाई मला म्हाईत न्हाई, बाई. मी खाली हुते. पन या पोरानं मला उठवलं. खुर्ची दिली, पानी दिलं. माझ्या डोळ्याला पानी आलं तर सोताचा रुमाल दिला. तो अजून माझ्याकडंच हाय, धुवून ठिवलाय." आणि पिशवीतून डाव्या हातानं घडी घातलेला रुमाल काढून त्याच्यापुढं धरला. "घे बाबा. ऱ्हाऊनच गेला द्यायचा."

हे त्यांनी साधेपणानं केलं की हुशारीनं, ते मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं होतं एकदा, त्या म्हणाल्या, रुमाल त्याचा हुता, त्याला दिला. इतकंच.

पोरानं रुमाल घेतला. हातात धरला. मग त्याचा आवाज फुटला. म्हणाला, "आत्या पडल्या हुत्या. मशिनीजवळ. मीच म्हनलं तेल लावा. नोंद कराया पायजे हुती, केली न्हाई." एचआर काहीतरी पुटपुटला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि लिहायला लागल्या.

बाहेर आल्यावर मी वन्संना उसाचा रस पाजला. पोर फाटकापाशी गाडी काढत होतं. वन्संनी त्याला हाक मारून तिसरा ग्लास सांगितला. त्यानं तो उभ्या उभ्या पिला आणि गेला. ठेकेदाराची बोलणी त्यानं नंतर पुष्कळ खाल्ली म्हणे, पण नोकरी राहिली. खोटं बोलून ती जास्त सुरक्षित राहिली असती, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. म्हणून मी वन्संइतकंच त्या पोरालाही मानते. आणि स्वतःची चूक शिक्का मारून कबूल करणाऱ्या डॉक्टरलाही. आपल्या हातून चुकलं हे बोलणं वेगळं, आणि सही करून देणं वेगळं.

निकाल यायला वेळ लागला. मधल्या काळात प्लास्टर निघालं. मनगट काडीसारखं झालेलं, त्यावरची कातडी पांढरी. डॉक्टरनं रबरी चेंडू दिला होता, तो दाबत वन्सं अंगणात बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, जत्रेत जिंकलाय. लोकांनी पाळण्याची गोष्ट काढायची, त्याच्या आत त्याच ती काढायच्या. दुखायचं, ते दिसायचं. पण चेंडू सोडायच्या नाहीत.

एका संध्याकाळी मोटरसायकल दारात थांबली. सुपरवायझर पोर. ऑफिसातून फोन करता आला असता, पण हिंजवडीच्या त्या संध्याकाळच्या गर्दीतून वाट काढत तो घरी आला. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाला, "आत्या, मंजूर झालं."

वन्संनी चेंडू मांडीवर ठेवला. "काय लिवलंय?"

"दावा मंजूर. पगाराचं पन..."

"ते न्हाई. पडले कुटं ते काय लिवलंय?"

त्यानं मोबाइल काढला, कागदाचा फोटो मोठा केला, आणि वाचलं, "कामावर असताना, कामाच्या जागी पडून."

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. वन्संनी मान हलवली. पदरानं डोळे पुसले, डाव्या हातानं नाही, उजव्या हातानं. मला म्हणाल्या, वैनी, चहा टाका, आल्याचा, याला आल्याचा लागतो. मी आत गेले. आतून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ती मशिन दुरुस्त केली का? केली. थंड चहावाला साहेब हाय का अजून? हाय. माझ्या जागंवर कोन हाय? हाय एक, पन कप लई फोडती.

मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा वन्सं म्हणत होत्या, "डाक्टर हलकं काम करा म्हनलाय. ट्रे न्हाई उचलनार, पन चहा करीन. तेरवापास्नं येते."

पोरानं कप हातात घेतला, खाली ठेवला आणि खिशातून मोबाइल परत काढला.

"आत्या," तो म्हणाला, "तारीख सांगा."